रुपयाचे राखणदार : कै. चिंतामणराव देशमुख

आपल्या मंडळाची वार्षिक स्मरणिका सिद्ध होते तेव्हा तीत एखाद्या कीर्तिशेष पुरुषाचे चरित्र द्यावे, असा परिपाठ आहे. बहुधा ते चरित्र संताचे, समाजसुधारकाचे अथवा देशभक्ताचे असते. यंदा आम्ही किंचित निराळी वाट धरली असून, ज्यांच्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे देशाच्या जमाखर्चात गेली, अशा कै. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते आपल्या ज्ञातीचे की परज्ञातीचे, हा विचार आम्ही मनात आणला नाही. ज्या पुरुषाने घरोघरच्या रुपयाची काळजी वाहिली, त्याच्यावर सर्व ज्ञातींच्या कुटुंबांचा सारखाच अधिकार आहे.

शिवाय पैशाचे मोल कसे ठरते, हा विषय आपल्या कड्यास परका नाही. आष्टी तालुक्यातील आपले हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि हद्दीपलीकडे नगर जिल्ह्यात इंग्रजांचा अंमल होता. इकडे हाली रुपया चाले, तिकडे कलदार. ऐंशी पावसाळे पाहिलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात हे दोन शब्द अद्याप येतात. अखेरच्या काळी ठरलेल्या भावाने सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार होत. रुपया म्हणून दोहोंचे नाव एकच. पण एकाने माल अधिक येई, दुसऱ्याने कमी. नाणे म्हणजे केवळ धातू किंवा कागद नव्हे, ते काढणाऱ्या सरकारची पत त्यामागे उभी असावी लागते, हे ज्ञान सीमेवरच्या माणसास कोणत्याही ग्रंथावाचून झालेले होते.

सरकारच्या कर्जाचे परिणामही या मुलखाने पूर्वी भोगले आहेत. कंटिंजंट फौजेचा खर्च थकला आणि त्या कर्जापोटी १८५३ साली निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिवकडील मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केला. पुढे धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र गेले ते गेलेच. ज्या वऱ्हाड-मध्यप्रांतात आमच्या चरित्रनायकाने पुढे वीस वर्षे राज्यकारभाराचे धडे गिरविले, त्यातील वऱ्हाडाचा इतिहास असा एका थकलेल्या कर्जापासून सुरू होतो.

जन्म आणि विद्याभ्यास

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी, मकरसंक्रांतीच्या सुमारास, कुलाबा जिल्ह्यात रायगडच्या पायथ्याजवळील नाते या गावी झाला. घराणे मूळचे रोह्याचे. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख हे वकील होते; मातोश्रींचे नाव भागीरथीबाई. लहानपणापासून त्यांची बुद्धी विलक्षण तेजस्वी होती. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतातील जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. संस्कृताची ही गोडी त्यांना जन्मभर पुरली. पुढे ते केंब्रिजला जीझस कॉलेजात गेले. तेथे त्यांचे विषय अर्थशास्त्राचे नव्हते, तर वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व भूगर्भशास्त्र हे होते. १९१७ साली ते निसर्गविज्ञानाची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि वनस्पतिशास्त्रातील पारितोषिकाचे मानकरी ठरले. १९१८ साली लंडनमध्ये झालेल्या आय. सी. एस. परीक्षेत त्यांनी पहिला क्रमांक पटकाविला.

त्या सुमारास लोकमान्य टिळक विलायतेत होते. सरकारी नोकरी पत्करावी की देशकार्यात उडी घ्यावी, हा प्रश्न घेऊन तरुण चिंतामणराव लोकमान्यांकडे गेले असता, राज्यकारभाराचा अनुभव उद्याच्या स्वतंत्र देशाच्या कामी येईल, तेव्हा नोकरी सोडू नये, असा सल्ला त्यांना मिळाला, अशी आठवण प्रसिद्ध आहे. तो सल्ला किती दूरदृष्टीचा होता, हे पुढील तीस वर्षांनी सिद्ध केले.

मध्यप्रांत व वऱ्हाडात त्यांनी जमाबंदीपासून अर्थखात्याच्या सचिवपदापर्यंत नाना कामे केली. शेतसारा कसा ठरतो, दुष्काळात तो कसा थकतो, कुणब्याच्या घरात रोख पैसा वर्षातून किती दिवस असतो, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. १९३१ च्या गोलमेज परिषदेत त्यांनी सचिव म्हणून काम केले. १९३९ च्या जुलै महिन्यात ते रिझर्व्ह बँकेत आले. दोन महिन्यांत दुसरे महायुद्ध पेटले. १९४१ अखेर ते डेप्युटी गव्हर्नर झाले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी गव्हर्नर. त्या आसनावर बसलेले ते पहिले भारतीय होत.

सरकारच्या कर्जाच्या तीन वाटा

चिंतामणरावांचे कार्य समजावयाचे तर एक गोष्ट आधी नीट समजून घेतली पाहिजे. सरकार कर्ज काढते, तेव्हा देशातील पैसा वाढतो की नाही? याचे उत्तर कर्ज किती यापेक्षा कर्ज कोणाकडून, यावर अधिक अवलंबून असते.

समजा, सरकारला एका बंधाऱ्यासाठी पैसा हवा आहे. पहिली वाट लोकांच्या बचतीची. आपल्यातील एखाद्या गृहस्थाने शंभर रुपयांचे बचतपत्र घेतले, तर ते शंभर रुपये त्याच्या पेटीतून निघून सरकारमार्फत बंधाऱ्यावरच्या मजुराच्या हाती जातात. पैसा तोच, केवळ हात बदलतो. गृहस्थाने आपला खर्च तेवढा आवरला, म्हणून मजुराच्या खर्चास बाजारात जागा झाली.

दुसरी वाट बँकांची. बँकेने ठेवीदारांच्या पैशांतून सरकारी रोखे घेतले, तर व्यापाऱ्यास मिळणारे कर्ज तेवढे आखडते. मात्र बँकेजवळ रोकड पडून असेल, तर सरकारला दिलेली रक्कम खर्च होऊन पुन्हा कोणाची तरी ठेव म्हणून बँकेतच परत येते आणि देशातील ठेवी तेवढ्या वाढतात. येथे पैशाची थोडी वाढ होते.

तिसरी वाट रिझर्व्ह बँकेची. तिने सरकारचे रोखे घेतले की सरकारच्या खात्यावर तेवढी रक्कम जमा होते. ती कोणाच्या पेटीतून आलेली नसते. सरकारने ती खर्च केली की काल नसलेला पैसा आज बाजारात येतो. एवढ्यावर हे थांबत नाही. हा नवा पैसा बँकांत ठेव म्हणून गेला की त्याच्या आधाराने बँका आणखी कर्जे देतात, त्या कर्जांच्या पुन्हा ठेवी होतात, आणि मुळातल्या एका रुपयामागे कित्येक रुपये उभे राहतात. खेड्यापाड्यांत बँका नव्हत्या तोवर ही वाढ मर्यादित राही. नोट हातोहात फिरे आणि गाडग्यात किंवा गाठोड्यात विसावे. बँका वाढल्या तशी ही गुणाकाराची शक्तीही वाढली. परदेशातून घेतलेल्या कर्जाचेही असेच आहे. त्यातून परदेशचीच यंत्रे आणली तर इथला पैसा वाढत नाही. ते परकीय चलन रिझर्व्ह बँकेने घेऊन त्याबदली रुपये दिले, तर वाढतो.

नवा पैसा नेहमीच वाईट असतो असे मात्र नाही, आणि विकसनशील देशाचे वैशिष्ट्य येथेच आहे. आपल्या गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार, न्हावी यांस वर्षाचे बलुते धान्यात मिळे. तेथे नाण्याचे कामच पडत नसे. हळूहळू मजुरी रोखीने, सारा रोखीने, शाळेची फी रोखीने असा व्यवहार सुरू झाला की तोच माल फिरविण्यास अधिक रोकड लागते. पडीक जमीन आणि रिकामे हात कामास लागून माल वाढला, तर त्या मालाच्या मानानेही पैसा वाढलाच पाहिजे. म्हणून वाढत्या देशाच्या सरकारने रिझर्व्ह बँकेकडून थोडे घेतले, तर ते पचते. अडचण आहे ती काळाची. बंधाऱ्याचे पाणी शेतास मिळून ज्वारीचे कणीस भरावयास दोन-तीन वर्षे लागतात. पण बंधाऱ्यावरच्या मजुरास भाकरी आज संध्याकाळी लागते. मजुरी आज बाजारात येते आणि धान्य परवा. मधल्या काळात भाव चढतो, आणि तो चढलेला भाव प्रथम त्याच मजुरास भोवतो.

युद्धकाळातील कसोटी

ही तिसरी वाट किती भयंकर होऊ शकते, हे चिंतामणरावांनी रिझर्व्ह बँकेत असताना पाहिले. गंमत अशी की कर्ज काढणारे सरकार आपले नव्हते. १९३९ साली झालेल्या करारान्वये हिंदुस्थानाबाहेरील लढाईचा खर्च ब्रिटनने सोसावयाचा होता. परंतु ब्रिटनने त्याबदली माल दिला नाही, सोने दिले नाही. लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावे स्टर्लिंगचे येणे लिहून ठेवले. बँकेच्या कायद्याप्रमाणे स्टर्लिंगच्या आधारावर नोटा काढता येत, म्हणून त्या येण्याच्या मोबदल्यात इथे रुपये छापले गेले आणि त्या रुपयांनी धान्य, कापड, लोखंड, चामडे खरेदी होऊन रणांगणावर गेले. माल बाहेर जात होता आणि पैसा आत साठत होता.

युद्धाच्या आरंभी सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या; १९४५ साली त्या अकराशे कोटींच्या वर गेल्या. १९४३ सालापर्यंत घाऊक किमती दुपटीहून अधिक झाल्या. त्याच वर्षी बंगालात दुष्काळ पडून १५ ते ३० लाख माणसे मृत्युमुखी पडली असे अंदाज आहेत. त्याची कारणे अनेक होती; पण ज्याच्या मजुरीने भावाचा पाठलाग करणे अशक्य झाले, असा भूमिहीन मनुष्यच त्यात प्रथम गेला, ही गोष्ट विसरता येणार नाही. चिंतामणरावांच्या हाती गव्हर्नरपद आले ते अशा घडीला. छापखाना थांबविणे त्यांच्या अधिकारात नव्हते, कारण युद्धाचा निर्णय लंडनचा होता. जे शक्य होते ते त्यांच्या कारकीर्दीत केले गेले. लोकांकडून सरकारी कर्जरोख्यांत व बचत योजनांत पैसा ओढून घेतला गेला, आणि सोने विकून बाजारातील रोकड मागे घेण्यात आली. पहिल्या वाटेने जितके अधिक मिळेल, तितकी तिसऱ्या वाटेची गरज कमी, हा या धोरणाचा गाभा होता.

दुसरी कसोटी या येण्याच्या रक्षणाची होती. युद्ध संपता संपता ब्रिटनकडे हिंदुस्थानचे सुमारे सतराशे कोटी रुपयांचे येणे साचले होते. पिढ्यानपिढ्या ऋणको असलेला हा देश धनको झाला, पण तो उपाशीपोटी झाला. हे येणे कमी करून द्यावे, काही सोडून द्यावे, अशी कुजबुज विलायतेत होत होती. १९४४ च्या जुलैत अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक यांची घडण झाली, तेव्हा सर जेरेमी रेझमन यांच्या नेतृत्वाखालील हिंदी शिष्टमंडळात चिंतामणराव, षण्मुखम् चेट्टी, ए. डी. श्रॉफ प्रभृती होते. तेथे हिंदी प्रतिनिधींनी या येण्याचा प्रश्न जगापुढे मांडला. तो त्या परिषदेत सुटला नाही. परंतु येणे बुडाले नाही, ही गोष्ट मोठी. स्वातंत्र्यानंतर यंत्रे व धान्य आणण्यास हीच गंगाजळी उपयोगी पडली.

देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली, दोन देशांचे चलन काही काळ एकाच बँकेने सांभाळले. याच सुमारास आपल्याकडे हैदराबाद सरकारने भारतीय चलन आपल्या मुलखात कायदेशीर राहणार नाही असा वटहुकूम काढला आणि आपल्याजवळील २० कोटी रुपयांचे भारत सरकारचे रोखे पाकिस्तानास कर्जाऊ दिले. नगरच्या बाजाराशी रोजचा संबंध असलेल्या सीमेवरच्या गावांना या वटहुकुमाचा अर्थ काय झाला असेल, हे कड्याच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. १९४८ च्या सप्टेंबरात तो अध्याय संपला. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँक राष्ट्राच्या मालकीची झाली, आणि त्याच वर्षी जूनअखेर चिंतामणराव गव्हर्नरपदावरून मुक्त झाले.

अर्थमंत्री

१ जून १९५० रोजी पंडित नेहरूंच्या मंत्रिमंडळात ते अर्थमंत्री झाले. १९५२ च्या निवडणुकीत कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले. काल जो पुरुष सरकारला पैसा देणाऱ्या खुर्चीवर होता, तो आज पैसा मागणाऱ्या खुर्चीवर बसला. त्यांच्या चरित्रातील खरा पेच हाच आहे, असे आम्हांस वाटते.

आरंभीची पावले गव्हर्नराच्या शिस्तीची होती. कोरियातील युद्धामुळे भाव भडकले, तेव्हा १९५१ च्या नोव्हेंबरात बँकदर तीन टक्क्यांवरून साडेतीन टक्क्यांवर गेला आणि हंगामात पैसा लागला की रिझर्व्ह बँकेने बँकांचे सरकारी रोखे हवे तितके विकत घ्यावेत, ही सवय मोडली. बँक रोखे घेते तेव्हा पैसा बाहेर येतो. घेण्याचे थांबते तेव्हा तो आखडतो. पुढल्या वर्षाच्या आरंभीच भाव खाली आले. ज्या नियमाने युद्धात भाव वाढले, तोच उलटा फिरविला की ते उतरतात, याचे हे प्रत्यक्ष प्रमाण होते.

याच काळात आपल्या हाली रुपयाचाही निरोप झाला. १९५० पासून भारतीय रुपया हैदराबादेत चालू लागला. १९५१ पासून नवा हाली निघेनासा झाला. आणि १९५९ साली तो कायमचा रद्द ठरला. कड्याचा आणि नगरचा रुपया एक झाला.

पहिल्या पंचवार्षिक योजनेत सरकारी खर्च २,०६९ कोटींचा आखला होता. त्यात तुटीच्या अर्थभरण्याचा, म्हणजे मुख्यतः रिझर्व्ह बँकेकडून घ्यावयाच्या पैशाचा, वाटा २९० कोटींचा होता. उरलेला कर, बचत, लोकांकडील कर्जे आणि बाहेरची मदत यांतून उभारावयाचा होता. १९५४ चे राष्ट्रीय योजना कर्ज याच प्रयत्नातील. पाऊसपाणी बरे झाले, धान्य पिकले, आणि योजनेच्या अखेरीस किमती आरंभापेक्षा खालीच राहिल्या. त्याच कालावधीत १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, जेणेकरून बँक खेड्यांच्या जवळ जावी. आणि १९५६ च्या जानेवारीत आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. या दोन्ही गोष्टींचा आमच्या विषयाशी संबंध असा की, लोकांची विखुरलेली बचत एकत्र झाली तर सरकारला पहिली आणि दुसरी वाट अधिक रुंद होते.

एक लहानसा करार

आता जी गोष्ट सांगावयाची, ती चरित्रनायकाच्या गौरवात भर घालणारी नाही. परंतु ती टाळली तर हे चरित्र अपुरे राहील. १९५५ च्या जानेवारीत केंद्र सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात एक व्यवस्था ठरली. सरकारच्या खात्यावर शुक्रवारी ५० कोटी आणि इतर दिवशी ४ कोटी रुपये किमान शिल्लक असावी. त्याहून शिल्लक कमी झाली की सरकारने तेवढ्या रकमेच्या तात्पुरत्या ट्रेझरी हुंड्या रिझर्व्ह बँकेच्या नावे काढाव्यात आणि तूट आपोआप भरून निघावी. हेतू कारकुनी सोयीचा होता. जमा हंगामात येते आणि खर्च बारमाही होतो. मधली अडचण भागावी, एवढेच. परंतु या व्यवस्थेस वरची मर्यादा नव्हती. तात्पुरत्या हुंड्या फिटण्याऐवजी नव्या हुंड्यांनी बदलत गेल्या, आणि तिसरी वाट, जिच्यावर एक दार हवे होते, ती दिवसरात्र उघडी राहिली.

चिंतामणराव त्या वेळी अर्थमंत्री होते. ज्यांनी युद्धातील नोटांचा पूर डोळ्यांनी पाहिला होता, त्यांच्याच कारकीर्दीत हे घडावे, याचे नवल वाटते. त्यांच्यासारखा संयमी पुरुष खजिन्यावर असता ही सोय सोयच राहिली असती, असे म्हणता येईल. परंतु व्यवस्था माणसाच्या संयमावर सोडून चालत नाही. माणूस जातो, व्यवस्था उरते. आपल्या मंडळाच्या खजिनदारास अडीअडचणीला विद्यार्थी निधीतून उसने घेण्याची मुभा दिली आणि किती घ्यावे हे लिहिले नाही, तर पहिला खजिनदार सज्जन असूनही दहाव्याच्या काळी निधी रिकामा होतो. हे आपल्यापैकी सार्वजनिक काम केलेल्या कोणासही पटेल.

दुसरी योजना आली ती ४,८०० कोटींची, आणि तीत तुटीचा अर्थभरणा १,२०० कोटींचा, म्हणजे खर्चाच्या चौथाईचा. १९५५ साली अर्थशास्त्रज्ञांच्या मंडळातील प्रा. बी. आर. शेणॉय यांनी एकट्याने भिन्नमत नोंदविले. एवढा नवा पैसा माल वाढण्याआधीच भाव वाढवील, असा त्यांचा इशारा होता. तो काही अंशी खरा ठरला. दुसऱ्या योजनेच्या पाच वर्षांत प्रत्यक्ष तूट नऊशे कोटींहून अधिक झाली आणि किमती सुमारे तीस टक्क्यांनी चढल्या. त्याहून अधिक चढल्या नाहीत याचे एक कारण असे की यंत्रे व धान्य आणण्यासाठी परकीय चलन विकत घेताना लोकांचे रुपये रिझर्व्ह बँकेत परत जात होते. म्हणजे छापलेल्या पैशाचा काही भार युद्धात कमावलेल्या त्या स्टर्लिंगच्या गंगाजळीने सोसला, आणि ती जवळजवळ आटली. नोटांच्या चाळीस टक्के सोने व स्टर्लिंग राखण्याचा जुना दंडकही टिकला नाही. १९५६ साली त्याऐवजी ठराविक रकमेचा साठा पुरेसा मानला गेला आणि १९५७ साली तो साठाही २०० कोटींवर आला.

राजीनामा आणि उत्तरायुष्य

दुसऱ्या योजनेचे हे परिणाम पाहण्यास चिंतामणराव अर्थखात्यात राहिले नाहीत. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात देण्याचा घाट घातला गेला, तेव्हा १९५६ च्या जानेवारीत त्यांनी राजीनामा दिला. जुलैत तो स्वीकारला गेला आणि मुंबईतील गोळीबाराविषयी त्यांनी लोकसभेत परखड शब्दांत जाब विचारला. सत्तेचे दुसऱ्या क्रमांकाचे म्हणावे असे पद त्यांनी मराठी जनतेच्या न्याय्य मागणीसाठी सोडले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. कड्यासारख्या गावाला मराठी राज्याचा घटक होण्याचे भाग्य ज्या लढ्याने लाभले, त्यात या त्यागाचे मोल मोठे आहे.

पुढे ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले आणि १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९५९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९७५ साली पद्मविभूषण. १९६९ साली राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत ते उभे राहिले. यश आले नाही. त्यांची पहिली पत्नी रोझिना १९४९ साली वारली होती. १९५३ च्या जानेवारीत त्यांनी दुर्गाबाईंशी विवाह केला. नियोजन मंडळाच्या सदस्य आणि आंध्र महिला सभेच्या प्रवर्तक असलेल्या या विदुषीची व त्यांची जोडी उत्तर वयात हैदराबादेस स्थायिक झाली. कालिदासाच्या मेघदूताचा मराठी अनुवाद, संस्कृत काव्यरचना आणि बागेतील झाडे ही त्यांची विश्रांतिस्थाने होती. १९८१ च्या मे महिन्यात दुर्गाबाई गेल्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी चिंतामणरावांनी हैदराबादेत देह ठेवला. ज्या नगरीचा हाली रुपया त्यांच्या अर्थखात्याच्या काळात अस्तास गेला, तीच त्यांची अखेरची विश्रांतिभूमी ठरावी, हा योगायोग मराठवाड्याच्या माणसास चटका लावून जातो.

मागे राहिलेला धडा

त्या लहानशा कराराची कथा त्यांच्या मृत्यूनंतरही चालू राहिली. तात्पुरत्या हुंड्यांचा डोंगर वाढत गेला. १९९१ साली परकीय चलन इतके आटले की देशास सुमारे ४७ टन सोने परदेशी गहाण ठेवावे लागले. पंचेचाळीस वर्षांपूर्वी ज्या लंडनकडून आपले सतराशे कोटी येणे होते, त्याच लंडनला त्यातील बरेचसे सोने गेले. मग डोळे उघडले. १९९४ च्या सप्टेंबरात सरकार व रिझर्व्ह बँक यांनी या हुंड्यांस मर्यादा घातली, आणि १ एप्रिल १९९७ पासून ती पद्धतच बंद केली. आता सरकारला तात्पुरती उचल मिळते, पण ती ठरलेल्या मर्यादेत आणि ठरलेल्या मुदतीत फेडावी लागते. २००३ च्या कायद्याने आणखी पुढचे पाऊल टाकले. एप्रिल २००६ पासून सरकारचे नवे रोखे रिझर्व्ह बँकेने थेट सरकारकडून घेणे, अपवादात्मक प्रसंग वगळता, थांबले. बाजारातून ती रोखे घेऊ शकते, म्हणजे तिसरी वाट अगदी बुजलेली नाही. परंतु तिच्यावर दार आले. १९५५ साली राहून गेलेली ओळ लिहिण्यास बेचाळीस वर्षे लागली.

दार नसले म्हणजे काय होते, हे शेजारच्या श्रीलंकेने अलीकडेच दाखविले. तेथील सरकारची तूट मध्यवर्ती बँकेने नोटा काढून भागविली, परकीय चलन संपले, आणि २०२२ च्या सप्टेंबरात भाववाढ सत्तर टक्क्यांच्या घरात गेली.

वाचकहो, कर्ज हे पाप नव्हे. नगरहून कड्यास आणि पुढे आष्टीस आलेली आगगाडी २०२२ च्या सप्टेंबरात धावू लागली, ती काही एका वर्षाच्या करातून आलेली नाही. पिढ्यांच्या उपयोगाची कामे कर्जानेच होतात आणि व्हावीत. परंतु ऊसतोडीस जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील कुटुंबांना, ज्यांचा मजुरीचा दर हंगामाआधी ठरतो आणि किराणा रोजच्या भावाने घ्यावा लागतो, सरकारने कर्ज कोणाकडून काढले याचा हिशेब शेवटी चुकवावा लागतो. म्हणून सरकार कोणतेही असो, त्यास दोन प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी : हा पैसा कोणाच्या बचतीतून आला, आणि त्यातून माल केव्हा येणार? आमच्या तरुण विद्यार्थ्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास रुक्ष म्हणून टाळू नये. वनस्पतिशास्त्र शिकलेला, संस्कृतात रमणारा, रायगडच्या पायथ्याचा एक मुलगा देशाच्या रुपयाचा राखणदार झाला. कड्याच्या शाळेतील एखादा का होऊ नये?

चिंतामणरावांनी पुष्कळ राखले, आणि एक दार लावावयाचे राहून गेले. दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवून त्यांच्या पवित्र स्मृतीस आम्ही मंडळातील सर्व कुटुंबांच्या वतीने विनम्र अभिवादन करतो.